शाळा इथली, अभ्यास तिथला

‘जिल्हा परिषदेच्या शाळेचा अभ्यास करायला लंडनला कशाला जायचं?’ आंतरराष्ट्रीय शिक्षण, तौलनिक शिक्षण, शिक्षण आणि विकास अशा एखाद्या विषयात एम.ए. करायला परदेशी निघालेल्या मराठी मुलामुलींना हा प्रश्न चुकत नाही. घरी काका विचारतात, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत समितीतले सदस्य विचारतात आणि परत आल्यावर शिक्षण खात्यातले अधिकारीही विचारतात. यंत्रांचा अभ्यास करायला जर्मनीला निघालेल्याला मात्र कुणी असे अडवत नाही. तिथे विद्या आहे, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. शाळा, मुले, गळती, पाठ्यपुस्तके हे ‘आपले’ विषय; त्यांत बाहेरच्यांना काय कळणार, असा सूर असतो.

हा प्रश्न आता घरगुती राहिलेला नाही. २०२२ साली केंद्राच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत त्याला कलमाचे रूप दिले. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. देशभरात मिळून तिच्या जागा १२५. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही, असे नियमावलीत लिहिले गेले. समर्थन असे की, या विषयांची साधने आणि जाणकार इथेच आहेत. याचा अर्थ सरळ आहे. वीटभट्टीवर वाढलेल्या मुलीला संगणकशास्त्र शिकायला सरकार परदेशी पाठवील, पण वीटभट्टीवरच्या मुलांची शाळा का सुटते हे अभ्यासायचे असेल तर तिचा अर्ज या कलमाला अडेल. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना कोणते कलम आडवे येणार? ते हवा तो विषय घेऊन जातातच. म्हणून हा आक्षेप खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

आक्षेपात खरे काय आहे ते आधी मान्य करते. साधने इथे आहेत. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी १९४८ साली स्थापलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन पुण्यात आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेले निवेदन वाचायला कुणा परदेशी प्राध्यापकाचे बोट धरावे लागत नाही. शाळा इथे, मुले इथे, दप्तरेही इथेच. पण साधने हाताशी असणे वेगळे आणि तुलना करता येणे वेगळे. तुलनेला दुसरा पक्ष लागतो. तो पुस्तकात असून भागत नाही. समोर बसलेला आणि उलट विचारणारा लागतो.

लंडनमध्ये ब्लूम्सबरीतल्या बेडफर्ड वे या रस्त्यावर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनची इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन आहे. डेनिस लॅस्डन या वास्तुविशारदाने उभी केलेली काँक्रीटची लांबच लांब इमारत. मी तिथे शिकले. भारतातल्या एम.एड.च्या वर्गापेक्षा तिथला वर्ग कसा वेगळा होता, ते एका दुपारवरून सांगते. विषय होता, शाळाबाह्य मुले मोजायची कशी? मी बीडचे उदाहरण घेतले होते. ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुले आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जातात, नाव मात्र गावच्या शाळेच्या पटावर राहते. साखर कारखान्यांजवळच्या साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलांना मिळणारे शिक्षण हमीचे कार्ड, सगळे मी मांडले. शेवटी राज्याने ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात केलेल्या शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाबद्दल सांगितले. समोर उत्तर केनियातली एक शिक्षिका होती. तिने एवढेच विचारले, ‘‘तुमची ही माणसं जुलैमध्ये कुठे असतात?’’

‘‘आपापल्या गावी.’’

‘‘मग त्या दिवशी तुम्ही कोणाला शोधत होता?’’

जुलैत सर्वेक्षण करून ऊसतोड मजुरांची मुले सापडणार नाहीत, हे महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना कळत नव्हते असे नाही. पण त्या वर्गात चर्चा तारखेच्या चुकीवर थांबली नाही. त्या शिक्षिकेच्या भागात गुरे घेऊन हिंडणारी कुटुंबे आहेत आणि त्यांच्यासाठी फिरत्या शाळा चालवल्या गेल्या आहेत. तिथल्या नियोजनात कुटुंबाचा वर्षभराचा मार्ग आधी काढतात आणि शाळा त्यावर बसवतात. आपण गावची शाळा पक्की धरतो आणि मूल तिच्यापाशी आणून सोडू पाहतो. ते हलले की ‘अनियमित’ ठरते. मग वर्गात प्रश्न उभा राहिला की सहा महिने एका जिल्ह्यात आणि सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या मुलाची जबाबदारी प्रशासनाच्या दृष्टीने कोणाची? पैसा कोणत्या शाळेला मिळणार, परीक्षा कुठली शाळा घेणार, शिक्षकाला जाब कोण विचारणार? केनियाचे उत्तर बीडला लावा, असे तिथे कुणी म्हणाले नाही. फिरत्या शाळेत एकच शिक्षक सगळे वर्ग सांभाळतो आणि प्राथमिकनंतर पुढची वाट तुटते, हे त्या शिक्षिकेनेच आम्हाला सांगितले. पण गाळप हंगामाचे वेळापत्रक हाच शाळेच्या नियोजनाचा पाया धरला तर काय होईल, हा प्रश्न मी त्या दिवशी प्रथम गांभीर्याने घेतला. बीडच्या शाळांची माहिती माझ्याकडे होती. हा प्रश्न मात्र माझ्याकडे नव्हता.

‘हे पुण्यात बसून वाचता आलं नसतं का?’ वाचता आले असते. उलटतपासणी झाली नसती. आपल्याकडे तौलनिक शिक्षण बहुतेक ठिकाणी देशवार शिकवले जाते: इंग्लंडची शिक्षणपद्धती, अमेरिकेची, जपानची, प्रत्येकीची उद्दिष्टे, रचना, गुणदोष. परीक्षेत टीप लिहिली की संपले. त्या देशाचा माणूस शेजारच्या बाकावर नसतो, त्यामुळे आपल्या गृहीतकाला धक्का बसत नाही. रॉबिन अलेक्झांडर यांनी इंग्लंड, फ्रान्स, भारत, रशिया आणि अमेरिका या पाच देशांतल्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास करून २००० च्या सुमारास जे मोठे पुस्तक लिहिले, ते मी भारतातही वाचू शकले असते. पण तिथे ते रशियात शिकलेली मुलगी, इंग्लंडमध्ये शिकवणारा तरुण आणि मी असे तिघे मिळून वाचत होतो. सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर देणे मागासलेपणाचे लक्षण आहे की शिकण्याची वेगळी रीत, यावर आम्ही तासभर भांडलो. आपापल्या शाळेची बाजू मांडताना ती आपल्याला किती कमी ठाऊक आहे, हे तिघांनाही समजले.

भारताचा अभ्यास भारताबाहेर करण्याचे सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी एम.ए.साठी प्राचीन भारतातील व्यापार हा विषय घेतला. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विषय होता रुपयाचा. हे सारे विषय भारताचे आणि त्यांची साधनेही भारताविषयीचीच. पण जातीवरचा तो निबंध त्यांनी ज्या खोलीत वाचला, तिथे त्यांना अस्पृश्य म्हणून कुणी बाजूला बसवणार नव्हते. मांडणीला उत्तर मांडणीनेच मिळणार होते. अशी खोली १९१६ साली त्यांना इथे कोण देणार होते? सयाजीरावांच्या दरबाराने २०२२ चे कलम लावले असते, तर कोलंबियातल्या या विषयांना शिष्यवृत्ती मिळालीच नसती. ज्या समाजघटकांसाठी आजची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यांच्यावरच हे बंधन घातले जावे, ही गोष्ट मला असह्य वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी येतो. हे विषय साहेबाच्या चष्म्यातून जग पाहायला शिकवतात, असे म्हणतात. इतिहास पाहिला तर आरोपाला आधार आहे. मी शिकले त्या संस्थेत या विषयाची सुरुवातच १९२७ साली वसाहतींसाठीच्या विभागापासून झाली. साम्राज्यात शाळा चालवायला जाणारे अधिकारी आणि मिशनरी तयार करणे हे त्याचे काम होते. हे कुणी लपवत नाही. अभ्यासक्रमात तो इतिहास शिकवतात. प्रश्न असा की तो कोणाच्या संगतीने वाचायचा?

आम्ही आफ्रिकेतल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या फेल्प्स-स्टोक्स आयोगाचे १९२० च्या दशकातले अहवाल वाचले. आफ्रिकेतल्या मुलांना शेती आणि हातकाम यांवर भर देणारे शिक्षण द्यावे, असा त्यांचा कल होता. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी चाललेल्या टस्कीगीसारख्या संस्था हा त्यांचा आदर्श. घानाचा एक सहाध्यायी म्हणाला, ‘‘आमच्या आजोबांना पुस्तकी शिक्षण हवं होतं आणि त्यांना कुदळ दाखवली गेली.’’ मला मद्रासची १९५३ ची योजना आठवली. राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरच्यांचा व्यवसाय शिकावा असे ठरवले होते. ‘कुलाचे शिक्षण’ म्हणून तिला कडाडून विरोध झाला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. एक योजना परक्या राज्यकर्त्यांच्या काळातली, दुसरी स्वतंत्र भारतातल्या निवडून आलेल्या सरकारची. ज्याच्या बापाच्या हातात कुदळ आहे त्याच्या हातातही कुदळच शोभते, हा विचार मात्र दोन्हीकडे एकच. ही तुलना आम्हाला कुणा गोऱ्या प्राध्यापकाने शिकवली नाही. घाना आणि महाराष्ट्र एका टेबलाशी बसले म्हणून ती सुचली. साहेबाचा चष्मा उतरवायचा तर ज्यांच्यावर तो रोखला होता त्यांनी एकत्र यावे लागते. आज तरी अशा जागा फार थोड्या आहेत.

आणि आपण गेलो नाही म्हणून आपल्याविषयी लिहिणे थांबत नाही. जागतिक बँक, युनेस्को, युनिसेफ आणि निधी देणारी मोठमोठी प्रतिष्ठाने आपल्या शाळांवर अहवाल लिहितच राहणार. ते लिहिणाऱ्यांत अशा वर्गांतून बाहेर पडलेली माणसे पुष्कळ असतात. त्या वर्गात महाराष्ट्रातून फक्त मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांत शिकलेली मुले पोचली, तर जिल्हा परिषदेची शाळा तिथे ‘समस्या’ म्हणूनच हजर राहील. त्या शाळेत शिकलेले माणूस तिथे असले पाहिजे.

तिसरा आक्षेप नकलेचा. ‘तिकडून येतात आणि फिनलंड फिनलंड करतात.’ हा रोग आपल्याकडे आहे, मी नाकारत नाही. पण तो ज्यांना जडतो ते बहुधा आठ दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर गेलेले असतात. या विषयाचे वर्षभर शिक्षण घेतलेल्याला पहिल्याच सत्रात शिकवतात की शाळेबाहेरचा समाज न पाहता शाळेची पद्धत उचलू नये. मायकेल सॅडलर या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने हे १९०० साली बजावले होते आणि तेव्हापासून ते या विद्याशाखेचे पहिले पथ्य आहे. फिनलंडच्या शाळांत गृहपाठ कमी असतो, ही माहिती पर्यटकालाही मिळते. अभ्यासकाला विचारावे लागते की १९७० च्या दशकात त्या देशाने सर्व मुलांसाठी एकच सार्वजनिक शाळा कशी उभी केली आणि शिक्षक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी का सक्तीची केली. हे प्रश्न विचारले की महाराष्ट्राला गृहपाठ बंद करून सुटता येत नाही. खासगी, अनुदानित, विनाअनुदानित आणि सरकारी अशी आपण केलेली मुलांची वाटणी समोर उभी राहते.

नक्कल न करता घेणे ही तर महाराष्ट्राची जुनी रीत. सयाजीराव गायकवाड देशोदेशी हिंडले, तिथल्या शाळा पाहिल्या. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक इंग्लंड-आयर्लंडमधल्या कायद्यांकडे पाहून बेतलेले होते. इतर देश शिक्षणात कुठे पोचले याचे आकडे ते सरकारपुढे ठेवत राहिले. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले, पण सक्तीच्या शिक्षणाचा मुद्दा त्यानंतर कुणाला टाळता आला नाही. महर्षी कर्व्यांच्या हाती १९१५ साली टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ सुरू केले. कल्पना जपानची, पण शिक्षण मातृभाषेतून द्यायचे हा निर्णय इथली गरज पाहून घेतलेला होता. ‘आपले विषय, आपल्यापुरतेच’ असे या तिघांनी म्हटले असते तर आपले काय झाले असते?

देवाणघेवाण उलट दिशेनेही चालते. १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने २००५ पासून ‘असर’ची पाहणी सुरू केली: घरी जायचे, मुलाला सोपा परिच्छेद वाचायला द्यायचा, साधी वजाबाकी घालायची. ही रीत पुढे पाकिस्तानात गेली आणि ‘उवेझो’ नावाने केनिया, टांझानिया, युगांडात रुजली. इयत्ता न पाहता मुलाच्या प्रत्यक्ष पातळीवरून शिकवण्याची ‘प्रथम’ची पद्धत झांबियाच्या सरकारी शाळांतही वापरली गेली. आमच्या वर्गात ‘असर’वर कडक टीकाही झाली, एवढेच मोजले तर शिक्षक तेवढेच शिकवतील, असे काहींचे म्हणणे होते. आपल्या राज्यात जन्मलेल्या पद्धतीचे दूरच्या देशांत काय झाले, तिथल्या शिक्षकांनी तिला काय नावे ठेवली, हे ऐकायला तिथे असावे लागते.

चौथा आक्षेप पैशाचा. तो सर्वांत खरा आहे. लंडनमधल्या अशा एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे शुल्क ३० हजार पौंडांच्या आसपास जाते. राहणे-खाणे, व्हिसा आणि वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार वेगळा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही. जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला जोडीदार आणि मुलांना बरोबर नेता येत नाही, म्हणजे संसार असलेल्या शिक्षिकेपुढे वर्षभराची ताटातूट आली. शहराच्या टोकाला चौघांत एक स्वयंपाकघर, शनिवार-रविवार कॅफेत किंवा वृद्धांच्या निवासात पाळी आणि रात्री उरलेले वाचन, हे कर्ज काढून आलेल्यांचे जीवन मी जवळून पाहिले आहे. ही पदवी म्हणजे इंग्लंडच्या सरकारी शाळांत शिकवण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वेगळी पात्रता लागते. घर तारण ठेवून, तिकडे शिक्षकाची नोकरी मिळेल या आशेने कुणी जात असेल, तर मीही त्याला सांगेन, जाऊ नकोस. प्रवेश मिळवून देणारे दलाल हे सांगत नाहीत.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? गरिबांनी हा विषय सोडावा असा नव्हे. कर्ज काढून आलेल्याला विषय निवडायचे स्वातंत्र्य उरत नाही. भटक्या जमातीच्या मुलांच्या शाळेवर प्रबंध लिहायला आलेला मुलगा, नोकरी लवकर लागावी म्हणून एखाद्या शैक्षणिक ॲपच्या परिणामकारकतेवर लिहून मोकळा होतो. शिष्यवृत्तीने शुल्क तर भागतेच, शिवाय प्रश्न निवडायची मोकळीक मिळते. खर्च अवाच्या सवा आहे म्हणूनच तो सरकारने उचलायचा असतो. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला ७५ जागा आहेत. त्यांतल्या काही शिक्षणाच्या अभ्यासासाठी गेल्या, तर कुठल्याही विद्याशाखेचे नुकसान होणार नाही.

शेवटचा आक्षेप, ‘जातात ते परत येत नाहीत.’ काही येत नाहीत. ब्रिटनची चेवनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. आपल्या शिष्यवृत्त्यांनाही अशी अट जरूर घालावी. पण परत येणाऱ्याला आपण काय देतो, हेही विचारू या. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ‘डाएट’ या शिक्षक-प्रशिक्षण संस्था ही अशा माणसांची नैसर्गिक जागा. तिथल्या रिक्त पदांची तक्रार जुनी आहे. मग परतलेला विद्यार्थी एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीवर चालणाऱ्या संस्थेत सादरीकरणे करत बसतो आणि आपण म्हणतो, शिकून काय उपयोग झाला? उपयोग करून घेण्याची जबाबदारी आपली होती.

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट आहे. भारताविषयीच्या अभ्यासाला शिष्यवृत्ती नाकारणारे कलम काढून टाकावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना अशा अभ्यासासाठी पगारी रजा मिळावी, कारण वर्गातला अनुभव घेऊन जाणारा माणूस त्या चर्चेत सर्वांत जास्त देतो आणि सर्वांत जास्त घेऊन येतो. सरकारी पैशाने लिहिलेला प्रत्येक प्रबंध मराठीतही लिहून द्यावा आणि तो केंद्रशाळांपर्यंत पोचावा. पुण्यात आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून विद्यार्थी वर्षानुवर्षे येतात. आपल्या शिक्षणशास्त्राच्या विभागांनी त्यांना बोलवावे, त्यांच्या देशांतल्या शिक्षकांसाठी जागा ठेवाव्यात आणि असा वर्ग इथेही उभा करावा. तो उभा राहिला की लंडनला कशाला, हा प्रश्न विचारण्यात अर्थ येईल.

ज्यांच्या घरातल्या मुलांची शाळा सुटते, त्यांच्याच घरातल्या मुलीने ती का सुटते हे जगभरच्या शिक्षकांपुढे मांडावे, त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे आणि परत येऊन इथल्या सरकारला प्रश्न विचारावेत. याला लागणारा पैसा सरकारला जड नाही. नियमावलीतले एक वाक्य खोडायला तर पैसाही लागत नाही.